सोलापूर–मुंबई विमान: ३६२ किलोमीटर, पण वेळ किती धरायचा?

तुमचा प्रश्न असा आहे: अक्कलकोट रोड एमआयडीसीत तुमचा टॉवेलचा कारखाना. भाचा नमुन्यांची बॅग घेऊन दुबईला निघालाय, सोलापूरहून मुंबई आणि त्याच दिवशी मुंबईहून दुबई. सोलापूर–मुंबई विमानाला एका संकेतस्थळावर २७ मिनिटं दिसतात, दुसऱ्यावर ५७ मिनिटं, आणि तिकिटावर सव्वा तासाच्या आसपास. खरं काय धरायचं, आणि दोन विमानांमध्ये मोकळा वेळ किती ठेवायचा?

मी चोवीस वर्षं विमान कंपन्यांत डिस्पॅचचं काम केलं. उड्डाणाआधी मार्ग, वारा, इंधन आणि वजन यांचा हिशेब करून तो कागद कॅप्टनच्या हातात द्यायचा, हे आमचं काम. या प्रश्नाचं उत्तर रोज द्यायचो, पण प्रवाशांना नाही, वैमानिकांना. आता गावी परत आलोय आणि सोलापूरला विमान सुरू झाल्यापासून ओळखीपाळखीचे सगळे हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिन्ही आकडे बरोबर आहेत. फक्त ते तीन वेगळ्या गोष्टी मोजतात.

आधी अंतर. होटगी रोडचा आपला विमानतळ साधारण १७.६३ अंश उत्तर अक्षांश आणि ७५.९३ अंश पूर्व रेखांशावर आहे. मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ १९.०९ आणि ७२.८७ वर. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, तो सगळीकडे जवळपास सारखाच. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जाताना आकसत जातो. आपल्या पट्ट्यात, सोलापूर ते मुंबईच्या मधे, तो १०५.५ किलोमीटर भरतो. आता अक्षांशातला फरक १.४६ अंश, म्हणजे १६२ किलोमीटर. रेखांशातला फरक ३.०७ अंश, म्हणजे ३२४ किलोमीटर. शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय लावा, ३६२ किलोमीटर येतात. एवढ्या कमी अंतराला पृथ्वीचा गोलावा धरला तरी फरक नगण्य. दिल्ली–लंडनसारख्या लांबच्या मार्गाला ही युक्ती चालत नाही, तिथे गोलावरचंच गणित करावं लागतं.

विमानाच्या भाषेत हे अंतर १९६ नॉटिकल मैल. एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा. तो अक्षांशाच्या एका मिनिटाइतका असतो, म्हणून नकाशावर सोयीचा पडतो. काही संकेतस्थळं साधे मैल दाखवतात, काही नॉटिकल. २२५ आणि १९६ असे दोन आकडे दिसले तर गोंधळू नका, अंतर तेच आहे.

यात मला फार आवडणारी एक गोष्ट आहे. सोलापूर आणि मुंबई विमानतळ जोडणारी सरळ रेषा ओढा, ती पुण्याच्या लोहगाव विमानतळावरूनच जाते. सोलापूर–लोहगाव २३८ किलोमीटर, लोहगाव–मुंबई साधारण १२४. बेरीज ३६२. जणू कुणी पट्टीने तीन ठिपके मांडलेत. पण लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे आणि मुंबईत उतरणाऱ्या विमानांना ठरलेल्या मार्गाने येऊन रांगेत लागावं लागतं. त्यामुळे विमान त्याच रेषेवरून जाईल असं धरू नका. प्रत्यक्षात कापलेलं अंतर सरळ रेषेपेक्षा नेहमी जास्तच असतं. डिस्पॅचला आम्ही सरळ रेषेचं अंतर कधी वापरलंच नाही. मार्गावरचे टप्पे मांडायचो आणि त्यांची बेरीज घ्यायचो.

आता २७ मिनिटं कुठून आली ते बघा. ३६२ किलोमीटरला ताशी ८०० ने भागलं की झालं. म्हणजे विमान होटगी रोडवरून उडताक्षणी ८०० च्या वेगात आहे आणि मुंबईत सहारच्या विमानतळावर चाकं टेकेपर्यंत त्याच वेगात आहे, असं त्या गणितानं धरलंय. ५७ मिनिटंवाल्यानं त्यात चढणं-उतरणं आणि जमिनीवरच्या हालचालीसाठी सरसकट अर्धा तास मिळवलाय. हा अंदाज पुष्कळ बरा आहे, पण तो अर्धा तास सगळ्या मार्गांना सारखाच लावतात. इंदूरला तेवढाच, मुंबईला तेवढाच. मुंबईला तो पुरत नाही.

खरं उड्डाण कसं होतं ते सांगतो. या मार्गावर ऑक्टोबर २०२५ पासून स्टार एअरचं ७६ आसनी एम्ब्रेअर १७५ हे जेट आहे. १० हजार फुटांखाली वेग २५० नॉटच्या आत ठेवायचा असतो, म्हणजे ताशी ४६० किलोमीटरच्या आसपास. त्यावर गेलं की वेग वाढतो, तोवर विमान चढतच असतं. २५-२८ हजार फुटांवर पोचायला पंधरा मिनिटं धरा आणि तेवढ्यात ७०-८० नॉटिकल मैल मागे पडतात. आता उतरणं. वैमानिकांचा एक साधा ठोकताळा आहे: जितके हजार फूट खाली यायचंय त्याच्या तिप्पट नॉटिकल मैल आधी उतरायला सुरुवात करायची. २६ हजार फुटांवर असाल तर ७८ मैल आधी. म्हणजे १९६ पैकी चढण्यात ७५, उतरण्यात ७८, मधे राहिले चाळीसेक मैल. पूर्ण वेगानं सपाट उडणं जेमतेम सहा-सात मिनिटांचं. एवढ्या छोट्या मार्गावर जेटचा वेग कामालाच येत नाही. एअर होस्टेस पाणी देऊन ट्रॉली आवरते न आवरते तोच पट्टे बांधायची सूचना होते, त्याचं कारण हे.

हवेतला वेळ असा साधारण ४० ते ४५ मिनिटांचा.

पण तिकिटावरचा वेळ हवेतला नसतोच, हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे विमानाच्या चाकांपुढची अडण काढून ते जागेवरून हलण्याची वेळ. पोचण्याची वेळ म्हणजे मुंबईत ते ठरल्या जागी उभं राहून पुन्हा अडण लावण्याची. ग्राउंडवरचे लोक याला चॉक्स ऑफ आणि चॉक्स ऑन म्हणतात आणि त्या दोन्हींमधल्या वेळाला ब्लॉक टाइम. इंजिनं सुरू करणं, धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणं, उड्डाण, हवेतली रांग, उतरणं, मग पार्किंगपर्यंत रांगत जाणं, सगळं त्यात येतं. वर कंपनी स्वतःच्या अनुभवातून पाच-दहा मिनिटं राखून ठेवते. तो सव्वा तास असा तयार होतो. म्हणून कधी विमान दहा मिनिटं उशिरा सुटूनही वेळेवर पोचतं. लोक म्हणतात, वैमानिकानं दाबून आणलं. दाबलेलं काही नसतं, राखलेली मिनिटं वापरलेली असतात.

मुंबईबद्दल जरा जास्त सांगतो, कारण तुमच्या भाच्याचा दिवस तिथेच अडकू शकतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणानं वापरता येत नाहीत. मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम, ३,४४८ मीटरची. वर्षातला बहुतेक काळ विमानं पूर्वेकडून, म्हणजे घाटकोपरच्या बाजूने येऊन पश्चिमेकडे तोंड करून उतरतात. सोलापूरहून येणाऱ्या विमानाला हे सोयीचं. ते पूर्वेकडूनच येतं, फारसं फिरावं लागत नाही. परतीला उलट. विमान पश्चिमेकडे उडतं, समुद्रावर जातं, वळतं आणि मग आपल्या दिशेला लागतं. म्हणून मुंबई–सोलापूर आणि सोलापूर–मुंबई यांचे वेळ सारखे नसतात. गर्दीच्या वेळी येताना हवेत दहा-पंधरा मिनिटं चकरा मारत थांबावं लागलं तर घाबरू नका, त्याचं इंधन आधीच मोजून घेतलेलं असतं. पावसाळ्यात हे थांबणं वाढतं. शिवाय पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एखाद्या दिवशी सकाळी ११ ते संध्याकाळी ५ धावपट्ट्या देखभालीसाठी बंद ठेवतात. ती तारीख आधी जाहीर होते. मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारचं तिकीट काढताना तेवढं तपासा.

दुसरी गोष्ट नमुन्यांच्या बॅगेची. टॉवेलचं वजन तुम्हाला मी काय सांगणार. देशांतर्गत विमानात सामान बहुधा १५ किलो, दुबईच्या विमानात त्याहून जास्त चालतं. दोन्ही तिकिटं वेगळी काढलीत तर सोलापूरला १५ किलोचाच नियम लागेल आणि वरच्या वजनाचे पैसे भरावे लागतील. एकाच तिकिटावर काढलीत तर बहुतेक वेळा आंतरराष्ट्रीय प्रवासाची मर्यादा लागू होते. पण तिकीट काढण्याआधी लेखी विचारून घ्या, काउंटरवर वाद घालायला वेळ नसतो.

आणि मे महिन्यात जायचं असेल तर हे वाचाच. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपंधराशे फुटांवर. मेच्या दुपारी पारा ४२-४३ वर. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो. हिशेब मांडला तर त्या दुपारी होटगी रोडवरची हवा पाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते. आपली धावपट्टी दोन किलोमीटरच्या थोडी वर. विमानाला धाव जास्त लागते आणि धावपट्टी तेवढीच, मग वजन कमी करावं लागतं. मी माझ्या नोकरीत अशा दुपारी, दुसऱ्या गावांच्या विमानतळांवर, किती वेळा सामान मागे ठेवायला सांगितलंय त्याची गणती नाही. प्रत्येक वेळी जीव हळहळायचा, कारण त्या बॅगेत कुणाचं तरी लग्नाचं सामान असायचं. पण आकड्यांपुढे इलाज नसतो. म्हणून ज्या नमुन्यांवाचून भेट होणारच नाही ते केबिन बॅगेत ठेवा. एक निळा, एक पांढरा, एक जॅकार्ड, एवढे तरी जवळ असू द्यात.

आता दोन विमानांमधला वेळ. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील तर पहिलं विमान उशिरा आल्यास पुढच्या विमानात बसवणं ही कंपनीची जबाबदारी. वेगळ्या तिकिटांवर असेल तर दुबईच्या कंपनीच्या दृष्टीनं तुमचा भाचा फक्त उशिरा आलेला प्रवासी. माझ्या मेव्हण्याचं असंच झालं. कोल्हापूरहून मुंबई आणि पुढे मस्कत, दोन वेगळी तिकिटं, मधे अडीच तास. मला विचारलं असतं तर नाही म्हणालो असतो. कोल्हापूरचं विमान एक तास दहा मिनिटं उशिरा सुटलं, मुंबईत उतरल्यावर बॅगेला पंचवीस मिनिटं लागली, मग बाहेर येऊन आंतरराष्ट्रीय टर्मिनलची रांग. काउंटर बंद होऊन नऊ मिनिटं झाली होती. समोर विमान उभं दिसत होतं आणि तो आत जाऊ शकत नव्हता. तिकिटाचे पैसे बुडाले, नवी नोकरी दोन दिवस उशिरा सुरू झाली. त्या रात्री फोनवर त्याचा आवाज ऐकला तो अजून विसरलो नाही.

म्हणून माझा हिशेब असा. आंतरराष्ट्रीय काउंटर विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो. त्यात मुंबईत बॅग घ्यायला अर्धा तास, टर्मिनल बदलायचं असेल तर पाऊण तास आणि काउंटरची रांग अर्धा तास. सगळं सुरळीत झालं तरच हे पावणेतीन तास. सोलापूरचं विमान तासभर उशिरा येऊ शकतं, ते मिळवा. म्हणजे वेगळ्या तिकिटांना चार तासांच्या खाली जाऊ नका, जून ते सप्टेंबरमध्ये पाच. सोलापूर–मुंबईला दर अर्ध्या तासाला विमान नाही, हे विसरू नका. हैदराबादहून जाणाऱ्याचं एक विमान चुकलं तर दुसरं मिळतं. आपल्याकडे ते रद्द झालं तर दिवस गेला.

तिकीट काढताना विमानतळाचा कोडही बघा. सोलापूर एसएसई, मुंबई बीओएम. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, त्याचा कोड एनएमआय. शोधताना नुसतं मुंबई टाकलं तर दोन्ही दिसतात. सोलापूरहून बीओएमला उतरून दुबईचं विमान एनएमआयहून निघालं तर संपूर्ण शहर आडवं पार करावं लागेल. गोव्याचंही तसंच. ९ जून २०२५ पासून फ्लाय ९१ चं एटीआर सोलापूरहून मोपाला जातं, कोड जीओएक्स. ते सरळ रेषेत ३०५ किलोमीटर. काही संकेतस्थळं गोवा म्हटल्यावर डाबोळी धरतात आणि ३३६ दाखवतात. हवेत तीस किलोमीटरचा फरक काहीच नाही, पण जमिनीवर मोपा पेडण्यात आणि डाबोळी वास्कोजवळ, मधे सगळा उत्तर गोवा. एटीआर पंख्याचं विमान, ताशी पाचशेच्या आसपास चालतं, तरी गोव्याला वेळ मुंबईइतकाच लागतो. सपाट उडण्याचा पल्ला छोटा असला की जेट आणि पंखा यांच्यात फारसा फरक राहत नाही, वर सांगितलं तेच.

 

मुंबई–दुबई सुमारे १,९३० किलोमीटर. इथे घड्याळ फसवतं. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. तिकिटावर दुपारी ४ ला सुटून ५:४५ ला पोचतं असं दिसेल आणि वाटेल पावणेदोन तासांचा प्रवास. पोचायची वेळ दुबईच्या घड्याळाची आहे. आपल्या घड्याळात तेव्हा ७:१५ झालेले असतात, म्हणजे प्रवास सव्वातीन तासांचा. जाताना वारा बहुधा समोरून असतो, हिवाळ्यात जास्त, म्हणून येण्यापेक्षा जायला वेळ अधिक. परतीचं तिकीट नीट बघा. दुबईहून रात्री १० ला निघालेलं विमान मुंबईत मध्यरात्रीनंतर अडीचच्या सुमारास उतरतं आणि तारीख बदललेली असते. पुढचं सोलापूरचं तिकीट जुन्या तारखेचं काढलेली माणसं मी पाहिलीत, सुशिक्षित माणसं.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण मी सांगणारच: मुंबईपर्यंत विमानच हवं का? घर ते विमानतळ अर्धा तास, दीड तास आधी पोचणं, सव्वा तास विमान, मुंबईत बाहेर यायला अर्धा तास. पावणेचार तास झाले. वंदे भारत सकाळी ६:०५ ला सोलापूरहून सुटून ४५५ किलोमीटर कापत १२:३५ ला सीएसएमटीला पोचते, दादरला त्याआधीच. तिथून सहारला जायला तासभर द्या. विमानानं वाचतात तीन-साडेतीन तास, पाच नव्हे. दुबईचं विमान संध्याकाळी किंवा रात्री असेल तर वंदे भारतनं जा, सामानाच्या किलोचाही प्रश्न येणार नाही. सकाळी दहा-अकराचं असेल तर आदल्या रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस, तिला आपल्या गावात तोड नाही. दुपारी उशिराचं असेल आणि दोन्ही तिकिटं एकत्र मिळत असतील तर मात्र विमान घ्या आणि बिनधास्त घ्या.

इतकी वर्षं या गावातल्या माणसाला विमानासाठी पुणे नाहीतर हैदराबाद गाठावं लागलं. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली, तेव्हा कारखान्याच्या सभासदांना झालेलं दुःखही खरं होतं आणि धावपट्टीच्या वाटेत उंच अडथळा चालत नाही हेही खरं होतं. २९ सप्टेंबर २०२४ ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि पुढच्या जूनमध्ये नियमित विमान सुरू झालं. पंढरपूर, तुळजापूर, बार्शीच्या लोकांनाही आता होटगी रोड जवळ पडतो. ही सेवा टिकायला हवी असं मला मनापासून वाटतं, म्हणूनच लोकांनी तिच्यावर चुकीचे हिशेब लावून हात पोळून घेऊ नयेत.

भाच्याला सांगा, विमानानं गेला तर जाताना उजवीकडची खिडकी घे. विमान सरळ मार्गाच्या जवळून गेलं आणि आभाळ मोकळं असलं तर उड्डाणानंतर बारा-पंधरा मिनिटांत उजनीचा जलाशय खाली दिसेल, भिगवणच्या बाजूला फाटे फुटत गेलेला. तेवढ्यात विमान सपाट होतं, आणि ते पाणी मागे पडतं न पडतं तोच पुन्हा उतरायला लागतं.